सासऱ्यांची दहा मिनिटं

माझ्या साडूंइतका वेळेचा पक्का माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत झाला नाही. दुसरा होणं परवडलंही नसतं, कारण असे दोघं एकाच मुलखात जन्मले असते तर एसटीपासून लग्नापर्यंत सगळे व्यवहार ठप्प झाले असते. त्यांच्याविषयी काहीतरी लिहा, असं घरातली मंडळी मला कैक वर्षं म्हणत आली. तुम्ही दोघं एकाच डेअरीत होतात, तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं, असं त्यांचं म्हणणं. मी दर वेळी काहीतरी निमित्त काढलं. चष्म्याचा नंबर बदललाय, गुडघा धरलाय, पाहुणे यायचेत. खरं कारण असं, की साडूंची गोष्ट सांगायची म्हटली की तिच्यात डेअरीतल्या युनिक्स मशीनची गोष्ट येते, आणि मशीनची गोष्ट आली की तिच्यात मी येतो. आता वय असं झालंय की माझ्याआधी माझी निमित्तंच थकली. तेव्हा सांगून टाकतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. आम्ही दोघंही पेठचे जावई. आमच्या सासऱ्यांचं घर पुणे-नाशिक रस्त्याला इतकं लागून, की ओट्यावर बसून एसटीला हात केला तरी ती थांबावी. तरीही तरुणपणी एकदा त्यांची एसटी त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेली होती. कुठल्या कामाला निघाले होते ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण तेव्हापासून त्यांनी घरातलं प्रत्येक घड्याळ दहा मिनिटं पुढं करून ठेवलं. जावयाला लग्नात मनगटी घड्याळ द्यायचं, तेही दहा मिनिटं पुढं लावूनच. माझ्या मनगटावर बांधताना ते म्हणाले, "जावईबापू, धा मिन्टं फुडं हाय. फुडंच ऱ्हाऊ द्या. माणूस फुडं असला की कुनाच्या पाया पडायची येळ येत न्हाई." मी ते देवाच्या प्रसादासारखं सांभाळलं. काटा तसाच ठेवला आणि वेळ बघताना मनातल्या मनात दहा वजा करायची सवय लावून घेतली. काही वर्षांनी साडूंना तसंच घड्याळ मिळालं. साडूंनी भर मांडवात, डोक्याला मुंडावळ्या असताना, कोटाच्या खिशातून लहानसा ट्रान्झिस्टर काढला, बातम्यांआधीच्या पिप्-पिप्‌ला कान लावला आणि काटा दहा मिनिटं मागं घेतला. सासरे बघतच राहिले. म्हणाले, "आवो, मी दिलंय ते!" साडू म्हणाले, "घड्याळ तुमी दिलं, मामा. येळ कुनी द्यायची नसती." त्यानंतर वर्षभर या जावयाच्या पुरणपोळीवर तूप हात राखून पडत होतं, असं माझी बायको सांगते. साडूंना त्याचा पत्ता नव्हता. पोळी वेळेवर आली होती ना, मग झालं.

हा माणूस लग्नाला आला की यजमानांना आपणच छापलेला मुहूर्त आठवे. आमच्याकडे पत्रिकेवर मुहूर्त छापतात तो शोभेला. नवरदेव मारुतीच्या देवळापासून नाचत नाचत निघालेला असतो, निम्मं वऱ्हाड वाटेत असतं, आणि तोवर स्टेजवर पुढारी मंडळी वधूवरांना आशीर्वाद देत असतात, वधू आणि वर दोघंही तिथं नसताना. निरगुडसरच्या एका लग्नात मुहूर्त बारा पस्तीसचा होता. बारा पस्तीसला स्टेजवर एक वजनदार पुढारी कालव्याच्या पाण्यावर बोलत होते. साडू पहिल्या रांगेत मुठीत अक्षता घेऊन उभे. काटा जागेवर आला आणि त्यांनी खणखणीत आवाजात 'शुभमंगल सावधान' म्हणून अक्षता टाकल्या. मागच्यांना वाटलं, लागलं लग्न. त्यांनीही टाकल्या. ते बघून बँडवाल्यांनी सुरुवात केली, कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, आणि पुढारी टोपीवरचे तांदूळ झटकत, माईक घट्ट धरून, एखाद्या गोंधळलेल्या नवरदेवासारखे उभे राहिले. खरा नवरदेव अजून मारुतीपाशी घोड्यावर होता. पुढाऱ्याचं माईकशी लगीन लागलं, असं त्या गावात अजून सांगतात. मी साडूंना ओढून बाजूला नेलं. "अहो पाव्हणं, नवरा-नवरी कुठंयत?" ते शांतपणे म्हणाले, "ती त्यांची अडचन हाय, दादा. मुहूर्त तर येऊन गेला." आणि जाऊन पंगतीत बसले. पंगत अर्थातच मांडलेली नव्हती. मोकळ्या मैदानात ते एकटेच मांडी घालून बसले होते.

त्यांना घरी बोलावणं हेही एक कसबाचं काम होतं. "या की संध्याकाळी," असं म्हटलं की ते विचारणार, "किती वाजता?" आपण म्हणणार, "या सात-साडेसातला." मग ते सव्वासातला येणार. "तुमी दोन येळा दिल्या, मी मधली धरली." सव्वासाताच्या आधी पोहोचले तर आत येणार नाहीत, दारासमोरच्या शेवग्याखाली मनगट वर धरून उभे राहणार. आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा त्यांच्यावर भुंकायची सोडून त्यांच्या शेजारी बसून वाट बघायला शिकली होती. माझी मेहुणी म्हणायची, "ह्यांना भूक लागत न्हाई दाजी, ह्यांची भुकेची येळ व्हती." खोडदला आकाशाकडं तोंड करून बसलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या प्रचंड तबकड्या बघायला एकदा आम्ही सगळे गेलो होतो. लोक ताऱ्यांविषयी विचारत होते, परग्रहावर माणसं आहेत का विचारत होते. साडूंनी विचारलं, "तुमचं घड्याळ कुठं ठिवलंय?" तिथल्या एका भल्या माणसानं काहीतरी समजावून सांगितलं. परतीच्या जीपमध्ये ते मनगटाकडंच बघत होते. पेठ आल्यावर म्हणाले, "दादा, ती माणसं एका शेकंदाचं लाखभर तुकडं करत्यात. आन् आमच्यात लोक दुपारनंतर येतो म्हनत्यात."

आता डेअरी. हायवेच्या कडेला आमचं दूध संकलन केंद्र होतं. आसपासच्या गावांतून रोज सकाळी दुधाच्या गाड्या येत, दूध तपासून थंड करून टँकरनं पुण्याला जाई. मी ऑफिसचा मुख्य आणि साडू कॉम्प्युटर विभागाचे. विभाग म्हणजे एक खोली, युनिक्सवर चालणारं एक कॉम्प्युटर मशीन, एक स्टूल आणि साडू. नव्वदच्या दशकात हे मशीन आलं तेव्हा चेअरमननी नारळ फोडला आणि मी हार घातला. गेटवर त्याला जोडलेला एक पडदा होता, काळ्यावर हिरवी अक्षरं उमटणारा. गाडी आली की तिथला माणूस गावाचं नाव टाकी आणि मशीन वेळ घालून चिठ्ठी छापी. नियम असा होता की साडेसातच्या आत आलेल्या गाडीचं दूध पहिल्या टँकरला, त्यानंतरचं दुसऱ्या टँकरला. दुसरा टँकर दुपारी. उन्हाळ्यात थंड करायला जागा कमी पडली की मागं राहिलेलं दूध नासायचंच. म्हणजे त्या मशीनचं घड्याळ ही साधी गोष्ट नव्हती.

पण मशीनचं घड्याळ आठवड्याला दोन-चार मिनिटं पुढं पळायचं. म्हणून साडूंनी मला एक हुकूम शिकवला. 'डेट' असं लिहायचं, पुढं महिना, तारीख, तास, मिनिटं असे आकडे सलग टाकायचे आणि बटण दाबायचं. मी रोज सातच्या आधी त्या खोलीत जाई, मशीनला उदबत्ती ओवाळी, साडूंनी ठेवलेला ट्रान्झिस्टर लावी, आकडे आधीच टाकून बोट बटणावर धरी, आणि सातच्या बातम्यांआधीचा शेवटचा लांब पीप झाला की दाबी. त्या मशीनचं मला एवढंच येत होतं आणि एवढ्याचा मला फार अभिमान होता. बोट दाबलं की वाटायचं, दोन तालुक्यांची सकाळ मी सुरू केली. घरी सुद्धा मी 'आमच्या युनिक्सला' असं म्हणत असे.

नवीन शतक लागलं, डेअरीत इंटरनेट आलं, आणि एक दिवस साडू आनंदानं उजळलेला चेहरा घेऊन माझ्या टेबलापाशी आले. आता मशीन स्वतःच वेळ लावून घेणार होतं. "कसं हाय दादा, हे आपलं मशीन वरच्या मशीनला येळ विचारतं. ते त्याच्या वरच्याला. जसा तलाठी तहसीलदाराला इचारतो, तहसीलदार कलेक्टरला. सगळ्यात वर अणूचं घड्याळ, त्याच्या वर कुनी न्हाई." आणि ते सुधारण्याची रीत तर त्यांना इतकी भावली होती की ती सांगताना त्यांचा आवाज हळू झाला. "फरक बारीक असला तर ते गुपचूप सरकवून घेतं, कुनाला कळत बी न्हाई. फरक मोठा असला तर लगेच न्हाई ओढत. पाव तास थांबतं. खरंच चुकलंय का, ह्याची खात्री करतं. मगच झटक्यात मागं घेतं. लई सभ्य काम हाय, राव!" मग म्हणाले, "तवा उद्यापास्नं तुमाला तरास न्हाई. तुमी हात लावायचा न्हाई." आणि ट्रान्झिस्टर उचलून घरी घेऊन गेले.

त्रास! माझं मंत्रिपद गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सातला मी सवयीनं खोलीत गेलो. उदबत्ती ओवाळली. मशीनचा पडदा नेहमीसारखा चालूच होता, परवलीचा शब्द वगैरे भानगड गेटवरच्यांसाठी, आम्हा घरच्यांसाठी नाही. बोटं शिवशिवत होती. ट्रान्झिस्टर नव्हता, मनगटावर सासऱ्यांचं घड्याळ होतं. सात वाजून काही मिनिटं झाली होती, त्याच्यात दहा मिळवलेलीच होती, आणि या वेळी मी ती वजा केली नाही. चुकून नव्हे. टँकर रोज उशिरा सुटतो, गाडीवाले रेंगाळतात, मशीन जरा पुढं असलेलं बरं, असा माझा विचार. सासऱ्यांनी दोन मुली याच तत्त्वावर उजवल्या होत्या. मी आकडे टाकले, बटण दाबलं आणि चहाला गेलो. अर्ध्या तासानं येऊन बघतो तर वेळ पुन्हा मागं.

मला वाटलं, साडूंनी घेतली. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पुढं केली, चहा पिऊन आलो तर पुन्हा मागं. तेही काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तेच. मग मला त्यात गोडी वाटू लागली. साडू-साडूंत एवढी एक मुकी कुस्ती असायचीच, असं मी स्वतःला समजावलं. महिनाभर रोज सकाळी मी पेठचा झेंडा लावत होतो आणि तो कुणीतरी उतरवत होतं.

इकडे साडू हैराण झाले होते. मशीन रोज सकाळी दहा मिनिटं पुढं उडी मारतंय आणि पाव तासानं मागं येतंय, हे त्यांना त्याच्या नोंदींत दिसत होतं. कारण दिसत नव्हतं. त्यांनी आधी मशीन उघडून आतली बटणाएवढी बॅटरी बदलली. मग वेळ सांगणाऱ्या वरच्या मशीनवर संशय घेतला आणि एकाऐवजी तिघांना विचारायची व्यवस्था केली. "एकट्याचं ऐकायचं न्हाई. तिघांना इचारायचं, ज्या दोघांचं जुळंल ते खरं." हे तत्त्व त्यांना इतकं पटलं की मंचरच्या बाजारात ते कांद्याचा भावही तिघांना विचारून, दोघांचा जुळेपर्यंत पिशवी उघडेनासे झाले. तरी उडी थांबेना. मग त्यांना वाटलं, सकाळी दूध थंड करायचा मोठा कॉम्प्रेसर सुरू होतो, त्याच्या धक्क्यानं घड्याळ बिचकत असेल. त्यांनी कॉम्प्रेसरवाल्याला अर्धा तास उशिरा सुरू करायला लावलं. कॉम्प्रेसरवाला म्हणाला, "आवं, दुधाला इचारा, ते थांबतंय का!" पण थांबला. उडी तीच. जेवताना एकदा मला म्हणाले, "दादा, रोज सकाळी कुनीतरी घड्याळ फुडं ढकलतंय." मला वाटलं, टोमणा मारतायत. मीही भाकरी मोडत म्हणालो, "आणि कुणीतरी मागं घेतंय." ते म्हणाले, "हां, ते सोताच घेतंय, त्याचं काय न्हाई." मी हसलो. काय अभिनय करतात, असं वाटलं मला.

मग तो उन्हाळ्यातला दिवस आला. निरगुडसरची गाडी गेटवर आली, चिठ्ठी निघाली सात बत्तीस. म्हणजे दुसरा टँकर. पाच-सहा मिनिटांनी तिच्या मागून पेठची गाडी आली, चिठ्ठी निघाली सात अठ्ठावीस. म्हणजे पहिला टँकर. निरगुडसरचा ड्रायव्हर दोन्ही चिठ्ठ्या हातात घेऊन थेट ऑफिसात शिरला. दुपारी त्याचं दूध नासलेलं निघालं तेव्हा तर सगळं गावच येऊन उभं राहिलं.

"पेठची गाडी माज्या मागं व्हती, मागं! आरशात बघितलीय मी!"

साडूंनी चिठ्ठ्या उलटसुलट पाहिल्या. म्हणाले, "कागदावर तर पेठ आधी हाय."

"मंग कागदाला माजी गाडी दिसली न्हाई व्हय? का आत पेठचं जावई बसल्यात म्हनून?"

मागून कुणीतरी ओरडलं, "सासरवाडीचं दूध लई गोड लागतंय, भाऊ!" सगळे हसले. मी माझ्या टेबलामागं होतो. पेठचे जावई त्या खोलीत दोन होते, पण बोट फक्त एकाकडं होतं. साडूंचा चेहरा उतरला. इतका उतरलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. ते हळूच म्हणाले, "येळेच्या बाबतीत मला सासरवाडी न्हाई, पावणं." ज्या माणसानं मांडवात सासऱ्यांचं घड्याळ मागं घेतलं होतं, त्याला हे बोलावं लागलं. चेअरमन आले, गावाची समजूत काढली, आणि जाताना साडूंना म्हणाले, "शोधून काढा. न्हाईतर लोक म्हनत्यात तेच मला धरावं लागंल."

संध्याकाळी साडू माझ्या घरी आले. न कळवता, न वेळ ठरवता आले, असं उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच. ओट्यावर बसून म्हणाले, "दादा, मी उद्या खोलीतच बसतो. काय व्हतंय ते डोळ्यानं बघतो." त्यांचा आवाज ऐकला आणि मला कळलं की या माणसाला काहीही माहीत नाही. तो अभिनय नव्हता. मग रोज वेळ मागं कोण घेत होतं? ते सभ्य यंत्र. त्या दिवशी नेमकं दोन गाड्यांच्या मधेच त्यानं माझी दहा मिनिटं मागं घेतली होती. म्हणजे महिनाभर मी साडूंशी भांडत नव्हतोच, कुठल्याशा देशातल्या अणूच्या घड्याळाशी कुस्ती खेळत होतो. मला तेव्हाच सांगायचं होतं. बायको चहा घेऊन बाहेर आली. म्हटलं, चहानंतर सांगू. चहानंतर ते उठले.

दुसऱ्या दिवशी ते सकाळपासून स्टुलावर डबा घेऊन बसले. मी दारातून डोकावलो आणि निघून गेलो. अर्थातच काही झालं नाही. दुपारी मला म्हणाले, "मी बसलो की न्हाई व्हत. मशीन मला भेतंय, दादा." त्यांनी हसून सांगितलं, पण मला हसू आलं नाही. त्यानंतर मी त्या बटणाला कधीच बोट लावलं नाही. बसल्या बसल्या मात्र त्यांनी मशीनच्या पोटातल्या जुन्या नोंदी उकरून काढल्या होत्या, आणि चेअरमनसमोर उभं राहून त्यांनी निकाल सांगितला.

"बॅटरी न्हाई, लाइन न्हाई, कॉम्प्रेसर न्हाई. येळ हुकूम देऊन बदललीय. हुकूम मशीन सोताला देत न्हाई. माणसाचा हात हाय."

"कुनाचा?" चेअरमननी विचारलं.

"खोलीची किल्ली दोघांकडंच हाय. माज्याकडं आन् दादांकडं."

मी मनगटाकडं पाहिलं. त्या वेळी किती वाजले होते, ते मला दिसलं नाही. माझ्या निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती, आणि निरगुडसरची माणसं अजून बाहेर बसून होती. साडूंनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग हसले. "दादा तर मशीनला हात लावत न्हाईत. मीच नको सांगितलंय त्यांना. म्हंजी ऱ्हायलो मी. माजंच कायतरी चुकलं आसंल, लावा माजं नाव." त्या हसण्यात काय होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. नको सांगितल्यावर कुणी करील, हे त्यांच्या खरंच डोक्यात येत नव्हतं, की त्यांना सगळं दिसत होतं?

त्यांना कॉम्प्युटर विभागातून काढून गेटवर बसवलं. आणि मशीनचं घड्याळ त्या दिवसापासून एक सेकंदही हललं नाही. चेअरमन चहा पिताना सगळ्यांदेखत म्हणाले, "बघा, माणूस हलवला आन् घड्याळ सुधारलं." माझा हात मी आवरला तो पश्चात्तापानं, आणि तोच त्यांच्या विरुद्धचा पुरावा झाला.

गेटवर साडूंनी दुःख करत बसायचं नाकारलं. पडद्यावर वेळ उमटायच्या आधीच ते गाडीवाल्याला तोंडी वेळ सांगत, आणि ती पडद्याशी तंतोतंत जुळे. गाडीवाले सुरुवातीला चिडवायला विचारत, "काय पेठचं जावई, किती वाजलं?" ते सेकंदासकट सांगत. निरगुडसरचा तो ड्रायव्हर तर रोज विचारी आणि रोज गाडीतलं घड्याळ लावून घेई. हळूहळू टोमण्यातला काटा झिजला, पण नाव राहिलं. निवृत्त होईपर्यंत गेटवर ते 'पेठचं जावई'च होते. मी आतल्या खुर्चीत 'साहेब' होतो.

मी माफी मागायला गेलो नाही असं नाही. निवृत्तीनंतर एकदा पक्कं ठरवून फोन केला. ते वारूळवाडीला राहत. म्हणाले, "साडेचारला या." मी सासऱ्यांच्या घड्याळाप्रमाणे निघालो आणि भलत्याच आधी पोहोचलो. खिडकीतून ते झोपाळ्यावर बसलेले दिसत होते. त्यांनीही मला पाहिलं, मान हलवली आणि मनगटाकडं बोट दाखवलं. बरोबर साडेचारला दार उघडलं. माफी मागायला आलेल्या माणसाला उंबऱ्याबाहेर दहा मिनिटं उभं करू नये, तेवढ्यात तो शहाणा होतो. मेहुणीनं पोहे आणले. आम्ही गुडघ्यांविषयी बोललो, पावसाविषयी बोललो. मी मध्येच म्हणालो, "पाव्हणं, ते मशीनचं..." त्यांनी झोपाळा पायानं थांबवला. म्हणाले, "ते यंत्र लई सभ्य व्हतं, दादा. बारीक फरक असला की गुपचूप सरकवून घ्यायचं. माणसात बी तसंच करावं." आणि झोपाळा पुन्हा सुरू केला. त्याच्या करकरीत माझं वाक्य राहून गेलं.

त्यानंतर थोड्याच वर्षांत साडू गेले. दुपारी जेवले, सुपारी कातरली, आडवे झाले. मेहुणी म्हणाली, "उठायच्या येळंला उठलं न्हाईत, तवाच मी वळखलं."

दशक्रिया मीना नदीच्या घाटावर. पत्रिकेत सकाळी ठीक साडेसात छापलं होतं. गुरुजींना पुढं आणखी एक विधी होता म्हणून त्यांनी आधीच सुरुवात केली होती आणि पिंड मांडूनही झाला होता. कावळे जांभळीवर बसून बघत होते, खाली एकही येत नव्हता. माणसं नेहमीप्रमाणे वचनं देऊ लागली. नातीचं लग्न थाटात करू म्हणा, घराचा मजला पुरा करू म्हणा. मेहुणी पदर तोंडाशी धरून म्हणाली, "सगळं नीट हाय, या की वो." कावळे हलेनात. मी मनगट पाहिलं. सात चाळीस व्हायला आले होते. आयुष्यभर मनातल्या मनात दहा वजा करणारा मी, त्या दिवशी वजा करायला विसरलो. माझ्या मनात एवढंच आलं की हा माणूस आयुष्यात कधी कुठं मिनिटभर उशिरा गेला नाही, आणि आज दहा मिनिटं खोळंबलाय. कशासाठी खोळंबलाय, हे त्या घाटावर एकट्या मला ठाऊक होतं.

मी चपला काढल्या. गर्दीतून वाट काढत पिंडासमोर गेलो आणि हात जोडले. "पाव्हणं," मी म्हणालो, आणि पुढचं बोलायला तोंड उघडलं, तोच जांभळीवरून एक कावळा सरळ खाली उतरला, भात चोचीत घेतला आणि उडाला. मागं कुणीतरी मोबाइल बघून मोठ्यानं म्हणालं, "आरं, बरोब्बर साडेसात!" रडता रडता सगळा घाट हसला. मेहुणीसुद्धा हसली. निरगुडसरचा तो ड्रायव्हर आला होता, त्यानं खिशातून मोबाइल काढून आपलं घड्याळ ताडून पाहिलं.

माणसं पांगली तेव्हा मेहुणी जवळ आली. "दाजी, तुमी काय म्हनत व्हता त्यास्नी?"

वाक्य लहान होतं. पाव्हणं, तो हात माझा होता, मला माफ करा. एवढंच.

"काही नाही," मी म्हणालो, "जरा उशीर झाला."